ओंडक्यात कोंडलेले आवाज

एका राज्यात राजा वारला आणि गादीला दोन दावेदार उभे राहिले. एक राजाचा भाऊ वीरभान, दुसरी राजाची लेक चारुमती. झाले! नगरीत उभी फूट पडली. भावाच्या पक्षाचे लोक फेट्याचा शेमला डाव्या खांद्यावर सोडू लागले, लेकीच्या पक्षाचे उजव्या. ज्यांना राजवाड्याचा दरवाजा कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हते, ते चौकात उभे राहून गळ्याच्या शिरा ताणू लागले.

त्या नगरीत हैबती आणि गोंदोबा हे दोघे लाकडे चिरण्याचा धंदा करीत. खोल खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा. हैबतीने वर उभे राहायचे, गोंदोबाने खाली खड्ड्यात, आणि मध्ये पुरुषभर लांबीची करवत. तीस वर्षे हेच काम. आता हैबती पडला भावाच्या पक्षाचा आणि गोंदोबा लेकीच्या. करवत चाले तोवर वादही चाले. दोघांना दोन्ही गोष्टींची सवय झाली होती.

पण बाकीच्या नगरीला एवढा धीर नव्हता. एके दिवशी सकाळी भावाचा पक्ष मांत्रिक भुजंगनाथाकडे गेला आणि म्हणाला, “समोरच्यांची तोंडे बंद करा.” दुपारी लेकीचा पक्ष गेला आणि तेच म्हणाला. मांत्रिक दोघांनाही ‘तथास्तु’ म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून एका पक्षाचे बोलणे दुसऱ्या पक्षाला ऐकू येईना. ओठ हलताना दिसत, आवाज नाही.

पहिले दोन दिवस दोन्ही पक्षांनी साखर वाटली. मग गोंधळ सुरू झाला. सुईणीला बाळंतिणीची हाक ऐकू गेली नाही. न्हाव्याने ज्याची दाढी करायची त्याच्या मिशा उतरवल्या. नवरा एका पक्षाचा आणि बायको दुसऱ्या पक्षाची, अशा घरांत तर काय शिजले आणि काय करपले ते विचारू नये.

हैबती रोज खड्ड्यात वाकून पाही. गोंदोबा खालून काहीबाही बोलत असे. ‘शिव्याच देत असणार,’ असे म्हणून हैबतीही वरून दोन शिव्या हासडी. पण मनात त्याचा गोंधळ उडालेला असे. न ऐकलेल्या शिवीचा राग तरी कसा धरायचा?

अठराव्या दिवशी एक साळुंकी करवतीच्या मुठीवर येऊन बसली. त्या राज्यात साळुंक्या बोलत. तिला दोन्ही पक्षांचे ऐकू येई, त्यामुळे बिचारीचे डोके उठले होते.

“हैबती,” ती म्हणाली, “एकविसाव्या दिवशी ऊन उतरू लागले की समोरच्या पक्षाचे माणूस दिसेनासेही होईल, आणि सूर्य मावळला की कायमचे.”

हैबतीने खाली खड्ड्यात पाहिले. “गोंदोबासुद्धा?”

“सुद्धा. मांत्रिकाने सगळे आवाज काळ्या रानातल्या शिसवीच्या ओंडक्यात कोंडले आहेत. तो ओंडका दोन पक्षांच्या दोघांनीच चिरायचा. वाटेत आणखी दोन कसोट्या आहेत.”

साळुंकीने हेच गोंदोबालाही सांगितले. गोंदोबा बराच वेळ हातवारे करून बोलला. “काय म्हणतो?” हैबतीने विचारले. “येतो म्हणतो,” साळुंकी म्हणाली. “एवढे बोलला, आणि एवढेच?” “उरलेले वीरभानाविषयी होते.”

करवत खांद्यावर घेऊन दोघे निघाले. वाटेत नदी लागली. नदीत सुसर होती, आणि तीच उतारूंना पाठीवरून पलीकडे नेत असे.

“नेईन,” सुसर म्हणाली, “पण आधी एकेकाने समोरच्याची बाजू मांडायची. ती ऐकून साळुंकीने सांगावी, आणि ज्याची बाजू त्याने मान हलवावी. नाही हलवली, तर बोलणाऱ्याला मी खाईन.”

हैबतीने घसा खाकरला. “राजा तीन वर्षे अंथरुणावर होता. तेव्हा कारभार चारुमतीने पाहिला. दुष्काळात कोठारे तिने उघडली. वीरभान तेव्हा शिकारीला गेला होता. ज्याने ओझे वाहिले त्यालाच गादी, हा न्याय आहे.” मंत्र पडण्याआधी खड्ड्यातून ऐकलेले सगळे त्याच्या तोंडून धडाधड बाहेर पडले. साळुंकीने ते सांगताच गोंदोबाने मान हलवली, आणि मग आश्चर्याने हैबतीकडे बघतच राहिला.

गोंदोबाचीही पाळी झाली. सीमेवर शत्रू आहे, लढाई पाहिलेला हात हवा, फौज वीरभानाला मानते, हे सारे तो बोलल्याचे साळुंकीने सांगितले. हैबतीला मान हलवावीच लागली. सुसरीने दोघांना पार केले. पण हैबतीच्या डोक्यात भुंगा शिरला. आपण बोललो ते आपल्यालाच पटत कसे होते?

पुढे झरा लागला. झऱ्याचे पाणी प्याल्याशिवाय पुढची वाट दिसत नसे, आणि पाणी प्याले की आपला पक्ष कोणता याचा विसर पडे. दोघांनी फेटे काढून दगडावर ठेवले, ओंजळीने पाणी प्याले, आणि मागे वळून पाहतात तो कोणता फेटा कोणाचा ते उमजेना. अखेर हाती आला तो प्रत्येकाने डोक्यावर चढवला.

“साळुंके, मी कोणाचा?” हैबतीने विचारले.

“ते सांगितले तर कसोटी कसली?”

दिवसभर दोघे रानातून चालले. आपल्याला कुणाचा तरी राग आला होता एवढे हैबतीला आठवे. कुणाचा आणि कशासाठी, ते आठवेना. शेजारचा माणूस आपल्या वाटणीची करवतही उचलून चालला आहे, एवढे मात्र दिसत होते. मग रागावायचे तरी कोणावर? बिचारा हैबती पार गांगरून गेला. काळ्या रानाच्या हद्दीत शिरताच सगळे परत आठवले, तेव्हा त्याला आधी बरे वाटले आणि लगेच वाईट वाटले.

एकविसाव्या दिवशी दुपारी ओंडका सापडला. हत्तीएवढा, काळाभोर, आतून गुणगुणणारा. खाली खड्डा तयारच होता. हैबती वर चढला, गोंदोबा खाली उतरला, गेरूची दोरी मारून रेघ पाडली, करवत सुरू झाली.

ही करवत ढकलायची नसते. वरच्याने वर ओढायची, खालच्याने खाली ओढायची, आणि दुसरा ओढत असताना आपला हात सैल सोडायचा. कालच्या नवख्यालाही ठाऊक असलेली गोष्ट. पण ऊन उतरू लागले, खाली गोंदोबा धुरासारखा विरळ होऊ लागला, आणि हैबतीचे भान सुटले. घाईने तो करवत खाली रेटू लागला. पाते वाकले, चिरेत अडकले, हलेना. त्याने वाकून पाहिले. खड्डा रिकामा होता.

“गोंदोबा!” तो ओरडला. “साळुंके, तो आहे का?”

“माझ्या सांगण्यावर काम करशील, तर ओंडका उघडणार नाही,” साळुंकी म्हणाली.

हैबती रडू लागला. खाली माणूस आहे की नुसता खड्डा? त्याला काहीच कळेना. अखेर त्याने डोळे पुसले, मूठ नुसती धरून ठेवली आणि हात सैल सोडले. बराच वेळ काही झाले नाही. मग करवत खाली गेली. हिसका देऊन, किंचित डावीकडे कलून. असे वेडेवाकडे ओढणारा माणूस सबंध राज्यात एकच होता.

“सरळ ओढ, गाढवा!” हैबती हसत-रडत म्हणाला आणि त्याने वर ओढले. वर, खाली. वर, खाली. सूर्याची कड तेवढी उरली असताना ओंडका कडाडून दुभंगला.

आतून आवाजांचे थवे उडाले. ‘अहो, मीठ संपलंय.’ ‘दाढी म्हटलं होतं, मिशा नव्हे!’ ‘आई, दार उघड.’ जो तो आवाज आपापल्या कानाच्या शोधात नगरीकडे निघाला. काही हैबतीच्या कानाशी आले. आवाज गोंदोबाचा होता. ‘हैबती, तुझा वीरभान पळपुटा आहे.’ ‘हैबती, आज खोकला कमी आहे का रे?’ ‘ऐकू येत नाही ते ठाऊक आहे. पण जेवलास का?’

खड्ड्यातून भुशाने माखलेला गोंदोबा वर आला. हैबतीने त्याला मिठी मारली.

भुजंगनाथाची विद्या त्या भुशात मिसळून गेली. नगरीत मोठी सभा भरली. दोन्ही पक्षांनी एकमेकांचे ऐकून घेतले, आरडाओरडा झालाच, आणि अखेर कौल चारुमतीला मिळाला. वीरभानाने सेनापतिपद घेतले.

राज्याभिषेकाला चौघडा वाजत होता, तेव्हा हैबती घराच्या ओट्यावर तोंड पाडून बसला होता. हरल्याचे दुःख खरे होते. इतक्यात गोंदोबा आला.

“मिरवणूक?” हैबतीने विचारले.

“चालली आहे. माझ्यावाचून अडत नाही.” तो ओट्याच्या कडेवर जेमतेम टेकला.

“तुझी राणी चुकणार आहे, बघ.”

“चुकली की सांग.”

“ऐकशील?”

“ऐकेन. पटेलच असे नाही.”

हैबतीने थोडा विचार केला, आणि त्याला नीट बसायला सरकून जागा करून दिली.