सोडून दिलेले ऐंशी हात

शैलावती नगरीवर महीसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने एका पाथरवटाच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुदंत. आपल्या कौशल्याच्या बळावर तो पुढे त्या राज्याचा स्थपती झाला. सर्व बांधकामे त्याच्याच देखरेखीखाली चालत.

नगरीला पाणी पुरवणारे तळे एकच होते आणि ते वर्षागणिक आटत चालले होते. नगरीच्या पश्चिमेस एक डोंगर होता व त्याच्या पलीकडे बारमाही वाहणारी नदी होती. डोंगर आरपार कोरून त्या नदीचे पाणी तळ्यात आणायचे, हे सुदंताने विसाव्या वर्षी मनाशी ठरवले होते. ते राजाला पटवून देईपर्यंत त्याने तिशी ओलांडली.

राजाने अनुमती दिली, पण मुदतही घातली. "दुसऱ्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत पाणी आले नाही, तर ही नगरी उठवून मी नदीकाठी वसवीन," तो म्हणाला. "त्या तीरावर ताप आहे, तेथे लहान मुले तगत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु पाण्यावाचून येथे कोणीच तगणार नाही." शेवटचा दगड ज्याच्या हातून फुटेल त्याच्या नावाने तो कालवा ओळखला जाईल, असेही त्याने जाहीर केले.

डोंगराची रुंदी पाचशे हात भरली. काम दोन्ही बाजूंनी सुरू झाले. नगरीच्या बाजूने सुदंत स्वतः आपले पाथरवट घेऊन आत शिरला. नदीच्या बाजूची जबाबदारी त्याने खदिरक नावाच्या वृद्ध कारागिरावर सोपवली. खदिरक कमी बोलत असे आणि त्याहूनही कमी वेगाने काम करीत असे. सुदंताच्या माणसांनी त्याला गोगलगाय हे नाव ठेवले होते.

सुदंत रोज सकाळी प्रथम तळ्यावर जाई आणि पाण्याबाहेर आलेल्या पायऱ्या मोजी. आरंभी त्या अकरा होत्या. पहिला उन्हाळा सरला तेव्हा सव्वीस झाल्या, आणि त्यानंतरच्या पावसानेही त्यांपैकी मोजक्याच पुन्हा झाकल्या. ती संख्या मनात घेऊन तो डोंगरात शिरे. सायंकाळी तो दोरीने दिवसाचे काम मोजी, भिंतीवर गेरूची खूण करी आणि आकडा सर्वांना ऐकू जाईल असा उच्चारी. ज्या तुकडीने अधिक कोरले तिचे तो सर्वांसमक्ष कौतुक करी. आकडा वाढला की त्याला जेवण जाई. वाढला नाही की जात नसे.

पहिल्या दोनशे हातांना सव्वा वर्ष लागले. त्यानंतर मात्र काम विलक्षण झपाट्याने होऊ लागले. दिवसाला एक हात, कधी सव्वा हात. पाथरवट गाणी म्हणू लागले. सुदंताने खडक इतका हलका का लागतो आहे, हे विचारले नाही. मनासारखे उत्तर मिळत असले की माणूस प्रश्न विचारीत नाही.

पौष पौर्णिमेला त्याच्या बाजूचे दोनशे ऐंशी हात पूर्ण झाले. नदीकडून निरोप आला की खदिरकाचे दोनशे वीस झाले आहेत. दोन्ही मिळून पाचशे होत होते. राजा वाद्ये घेऊन डोंगराशी आला. शेवटचे घाव घातले गेले. समोर खडकच होता.

दुसऱ्या दिवशीही खडकच होता. पाचव्या दिवशी राजाने वाद्ये परत पाठवली.

"म्हातारा खोटे हात सांगतो आहे, आचार्य," दंतुर म्हणाला. हा सुदंताच्या तुकडीतील सर्वांत चपळ पाथरवट होता व त्याचे पुढचे दात ओठांबाहेर डोकावत असत. "दोनशे वीस म्हणे. स्वतःच्या नातवाच्या हाताने मोजले असतील."

माणसे हसली. सुदंत हसला नाही. त्याने सर्वांना घण खाली ठेवायला सांगितले आणि समोरच्या खडकाला कान लावला. दीड वर्षांत त्या भुयारात प्रथमच पूर्ण शांतता झाली. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग एक घाव ऐकू आला, अतिशय अस्पष्ट. तो समोरून येत नव्हता. तो उजव्या भिंतीतून येत होता.

"पाहिलेत?" दंतुर म्हणाला. "म्हातारा भरकटला."

सुदंताने दर वीस हातांवर जमिनीच्या मध्यभागी एकेक दिवा लावायला सांगितला. मग तो भुयाराच्या तोंडाशी आला, भरदुपारी उन्हात गुडघे टेकून बसला आणि आत पाहू लागला. वाट सरळ असती, तर सर्व दिवे एकामागे एक लपून एकच दिवा दिसला असता. पहिले दहा दिवे तसेच लपले होते. अकरावा थोडा डावीकडे सरकला होता. बारावा अधिक. त्यापुढचे भिंतीआडच गेले होते. त्यांचा केवळ उजेड डाव्या अंगाला दिसत होता.

तो पुन्हा आत गेला आणि दहाव्या दिव्यापुढची भिंत त्याने नखाने खरवडली. नखाबरोबर मुरूम सुटून आला. आता त्याला सारे कळले. दोनशे हातांनंतर डाव्या बाजूस मुरुमाचा पट्टा लागला होता. कोणीही ठरवून वळले नव्हते. छिन्नी मऊ बाजूकडे झुकली आणि माणसे तिच्यामागून गेली, कारण सायंकाळी आकडा उच्चारला जात होता. तो उच्चारणारा तो स्वतःच होता.

वैशाखी पौर्णिमेला चार महिने उरले होते. पायऱ्या एकेचाळीस झाल्या होत्या.

अमात्य पिंगाक्षाला हे सर्वांआधी समजले, कारण सर्व गोष्टी त्याला सर्वांआधी समजत. त्याने सुदंताला घरी बोलावले व आदराने आसन दिले.

"तुझ्यात आणि म्हाताऱ्यात अंतर किती?"

"आडवे तीस हात."

"तीस हात, आणि तेही मुरुमातून. म्हणजे महिन्याभराचे काम. मग एवढा काळवंडलास कशाला? खदिरकाला आज्ञा पाठव. म्हणावे, उजवीकडे वळ."

"मुरुमात पाणी मुरले की छत खाली बसते, आर्य. कोरतानाच बसले तर माणसे जातील. नंतर बसले तर पाणी जाईल."

"नंतर म्हणजे केव्हा?"

"दोन वर्षांनी. कदाचित तीन."

"तोवर कोण स्थपती असेल आणि कोण अमात्य, हे कोणी सांगावे," पिंगाक्ष शांतपणे म्हणाला. "आणि डोंगराच्या पोटात वाकून पाहायला कोण जातो? म्हातारा वळला, की तोच चुकला होता असे लोक समजतील. तुझे ध्येय पूर्ण होईल, कालव्याला तुझे नाव लाभेल. यात वाईट कोणाचे होते?"

सुदंत उठला. पुढचे तीन दिवस त्याला अन्न गेले नाही. त्या तीन दिवसांत त्याने आज्ञा दोनदा उच्चारून लेखकाकडून लिहून घेतली आणि दोनदा पुसून टाकली. आपण कशासाठी हा डोंगर कोरायला निघालो, हे त्याने स्वतःला विचारले. पाण्यासाठी, असे उत्तर आले. पण ते येण्यास विलंब लागला, आणि त्या विलंबाची त्याला लाज वाटली.

चौथ्या दिवशी भरसभेत तो राजापुढे उभा राहिला. "महाराज, खदिरक सरळ येत आहे. मी भरकटलो. माझ्या कामाचे शेवटचे ऐंशी हात निरुपयोगी आहेत. ते सोडून दोनशेव्या हातापासून मला पुन्हा आरंभ करावा लागेल."

सभेत कुजबुज झाली. राजाने हात वर करून ती थांबवली.

"मुदत वाढवून मागायला आला आहेस?"

"होय, महाराज."

"मी वाढवीन. तळे वाढवील का?"

मुदत तीच राहिली.

भुयारात परतल्यावर त्याने माणसांना तीच गोष्ट सांगितली. कोणी छिन्नी आपटली, कोणी तोंड फिरवले. "म्हणजे तीन महिन्यांची मेहनत दगडात गेली," दंतुर म्हणाला.

"मुरुमात गेली. दगडात गेली असती, तर मी आज असा उभा नसतो."

"आणि बाहेर आमच्या बायका विचारतील, तेव्हा काय सांगायचे?"

"स्थपती चुकला, असे सांग. ते खरे आहे."

दंतुराने घण उचलला.

त्या दिवसापासून सुदंताने सायंकाळी आकडा उच्चारणे बंद केले. त्याऐवजी दिवसातून तीन वेळा तो सर्वांना थांबवी. शंभर श्वास होईपर्यंत कोणी घण उचलायचा नाही, खोकायचेही नाही. केवळ पलीकडचे घाव ऐकायचे. मग दिवे पुन्हा ओळीत आहेत की नाहीत हे पाहायचे आणि त्यानंतर काम. हे शंभर श्वास त्यांना फार जड जात. खडक आता काळा व कठीण होता. दिवसाला हाताचा तिसरा भागही कष्टाने होई. अशा वेळी हातावर हात ठेवून बसणे म्हणजे चोरी केल्यासारखे वाटे. सुदंतालाही तसेच वाटे. साठाव्या श्वासाला त्याचे बोट छिन्नीकडे जाई व तो ते मागे घेई.

माघ संपला. फाल्गुन संपला. पायऱ्या एकोणसाठ झाल्या, मग मोजण्यासारख्या उरल्याच नाहीत. तळाचा चिखल दिसू लागला. चैत्रात दोन दिवस पलीकडचे घाव ऐकूच आले नाहीत. खदिरक मेला, अशी आवई उठली. तिसऱ्या दिवशी घाव पुन्हा ऐकू आला, तेव्हा दंतुर भिंतीला टेकून खाली बसला आणि कितीतरी वेळ उठला नाही.

वैशाखी पौर्णिमा उजाडली. नगरीत गाड्या भरल्या जात होत्या. भुयाराच्या तोंडापर्यंत चाकांचा आवाज येत होता. माध्यान्हीच्या शांततेत सुदंताने खडकाला कान लावला, आणि पलीकडच्या घावासरशी त्याच्या गालावर बारीक धूळ पडली. घाव अगदी समोरून आला होता.

दंतुराने घण उगारला. "वीतभरच उरले आहे, आचार्य. दहा घाव घाला. नाव आपले लागेल."

सुदंताने त्याचा दंड धरला. इतक्या पातळ दगडावर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी घण पडले, तर तो कोठून आणि कोणावर तुटेल, हे सांगता येत नाही. एका बाजूने थांबणे आवश्यक होते, आणि थांबायचे आहे हे पलीकडे वेळेत कळवण्याचा कोणताही उपाय नव्हता.

"मागे सरा," तो म्हणाला. "घण खाली."

ते बसून राहिले. बाहेर गाड्या चालू लागल्या. पलीकडून घाव येत होते, एकाच संथ लयीत, आणि प्रत्येक घावानंतर पुढचा येईल की नाही, या भीतीने माणसांचे श्वास अडत होते. अखेरीस समोरच्या खडकातून नारळाएवढा तुकडा निखळून सुदंताच्या पायाशी पडला. त्या भोकातून एक सुरकुतलेला, धुळीने पांढरा झालेला हात आत आला आणि चाचपडू लागला. सुदंताने तो दोन्ही हातांत धरला.

"कोण?" पलीकडून प्रश्न आला.

"मी सुदंत, काका."

"फार उशीर केलास, बाबा."

"वाट चुकलो होतो."

"ठाऊक आहे. तुझे घाव माझ्या उजवीकडे जात होते. मी दोनदा निरोप पाठवला. तुझी माणसे म्हणाली, आचार्यांना ऐकायला वेळ नाही."

सुदंताने तो हात कपाळाला लावला.

भोक माणसाएवढे झाल्यावर भुयाराच्या नदीकडील तोंडाशी घातलेला मातीचा बांध फोडण्यात आला. पाणी भुयारातून आले तेव्हा ते घोट्याइतकेच होते आणि गढूळ होते. नगरीच्या वेशीपर्यंत गेलेल्या गाड्या तेथेच थांबल्या. पहिल्या गाडीतील एक स्त्री खाली उतरली, मूल कडेवर घेऊन तळ्यापाशी आली, आणि चिखलावर पसरत जाणारे ते पाणी नुसती पाहत उभी राहिली. कालव्याला खदिरकाचे नाव देण्यात आले. सोडून दिलेले ऐंशी हात सुदंताने बुजवले नाहीत. नव्या पाथरवटांना तो प्रथम तेथे नेत असे.

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा उत्तरीय नावाच्या भिक्षूला उद्देशून सांगितली. उत्तरीय आपण किती घटका ध्यानाला बसलो हे दररोज भिंतीवर रेघांनी नोंदवी आणि रेघा कमी पडल्या की व्याकूळ होई. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "भिक्षू, त्या वेळी दंतुर तू होतास. महीसेन राजा म्हणजे या विहाराला भूमी देणारा आपला उपासक. पिंगाक्ष म्हणजे येथून भांडून निघून गेलेला तुझा सोबती. आणि खदिरक म्हणजे तो वृद्ध भिक्षू, जो रोज अंगण झाडतो व ज्याच्याशी कोणी फारसे बोलत नाही. सुदंत मीच होतो. ज्याने इच्छिलेले साध्य होते ते अधिष्ठान, म्हणजे दृढ निश्चय. आणि केलेले काम चुकीचे आहे असे कळताच ते सोडून पुन्हा आरंभ करण्याचे धैर्य, हाच त्या निश्चयाचा गाभा."

उत्तरीय उठला व त्याने भिंतीवरच्या रेघा पुसल्या. मग तो अंगणात गेला आणि त्या वृद्ध भिक्षूचे झाडणे थांबेपर्यंत त्याच्याजवळ उभा राहिला.