कानावरचा चौथा पट्टा

त्या मुलखात बिळं एका बाजूला होती आणि पाणी दुसऱ्या बाजूला. मधे लांबच लांब खडकाळ माळ. उन्हाळ्यात तो माळ ओलांडायचा तर मुंगसांना गव्याच्या पाठीवर बसूनच जावं लागे. गवा पळायचा झकास, पण त्याला एक खोड होती. भरधाव पळता पळता तो मधेच एकदम थांबे. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून त्याच्या पाठीवर वेली बांधलेल्या असत. मोठं मुंगूस वेलीखाली बसलं की ती खांद्यावरून आणि मांड्यांवरून जाई. पिल्लाच्या मात्र थेट गळ्यावर आणि पोटावर येई.

त्यावर जुन्या मंडळींनी तोड काढली होती. लहान पिल्लं टोपलीत, चहूबाजूंनी घट्ट बांधलेली, तोंड मागच्या वाटेकडे. जरा मोठी झाली की शेवाळाच्या उशीवर. उशीने पिल्लू उंच होई आणि वेल जागच्या जागी बसे. पण उशी मिळायला दोन अटी होत्या. गव्यावर चढायच्या नाक्यावर एक फांदी आडवी टांगली होती, तिच्या एका टोकाला धोंडा. दुसऱ्या टोकावर पिल्लू बसलं की धोंडा उचलला गेला पाहिजे. शिवाय कानावर चार लाल पट्टे हवेत. दर वर्षी पांगारा फुलला की पिल्लाच्या कानावर त्या फुलाचा एक पट्टा ओढायचा, असा तिथला रिवाज.

सगुणा नावाच्या मुंगशिणीला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असे. नाक्यावर टिटवीबाई बसायच्या. त्यांना तिने विचारलंच.

"धोंड्याचं कळलं हो. पण पट्टे कशाला? पट्ट्याने का कुणाचं वजन वाढतं?"

"मला काय विचारतेस!" टिटवीबाई कडाडल्या. "माझी आजी दोन्ही बघायची, मी दोन्ही बघते. एक कमी भरलं की टोपली. चल, पुढे हो."

सगुणाचं काही समाधान झालं नाही. त्यात शेजारच्या बायजाचा भिवा उशीवर बसायला लागला आणि सगुणाच्या ठकीने भोकाड पसरलं. "भिवा उशीवर आणि मी टोपलीत? मी काय तान्ही आहे?" ठकी होती तीन पट्ट्यांची, पण अंडी खाऊन खाऊन चांगली गुबगुबीत झालेली. धोंडा तर तिने केव्हाच उचलून दाखवला असता. एका पट्ट्यासाठी पोरीने रडावं, हे सगुणाला बघवेना. तिने पांगाऱ्याचं एक फूल चुरडलं आणि ठकीच्या कानावर चौथा पट्टा ओढला.

धोंडा टुणकन वर गेला. टिटवीबाईंनी कान पाहिला, मान तिरकी करून पुन्हा पाहिला. "बरं. बसा."

ठकी उशीवर ऐटीत बसली. वेल बरोबर खांद्यावरून, बरोबर मांड्यांवरून. मागे आपल्या वेलीखाली बसलेली सगुणा मनात म्हणाली, हात्तिच्या, एवढंच ना!

गवा सुटला. थोड्या वेळाने ठकीला वेल टोचायला लागली, तिने ती काखेखाली सारली. "ठके, वेल वर घे." घेतली. मग एक नाकतोडा उडाला, त्याला बघायला ती बाजूला ओणवी झाली. "ठके, नीट बस!" बसली. मग तिला पेंग आली. मान कलली आणि उशीवरून ती हळूहळू खाली घसरू लागली. वेल खांद्यावरून सरकून गळ्यापाशी आली.

"ठके! अगं ठके!"

आणि गवा थांबला.

ठकी फेकली गेली आणि गळ्यात वेल अडकून गव्याच्या कुशीवर लोंबकळली. सगुणाने आपली वेल दातांनी तोडली, धडपडत खाली वाकली, मानगूट पकडून पोरीला वर ओढलं. किती तरी वेळ ठकी श्वासच घेईना. मग ती खोकली, आणि सगुणाचा जीव भांड्यात पडला. मऊ केसांत गळाभर लालभडक वळ उठला होता. पट्टे कशाला, असं आपण टिटवीबाईंना विचारलं होतं, ते सगुणाला तिथेच आठवलं.

पुढच्या फेरीला नाक्यावर रांग लागली होती. सगुणाने सगळ्यांदेखत ठकीचा कान चाटायला घेतला. जुने पट्टे केव्हाच मुरलेले, ते हलले नाहीत. नवा तेवढा निघाला. तोंड कडूजहर झालं, तरी ती चाटत राहिली. मग तिने टोपली पुढे ओढली.

टिटवीबाईंनी पट्टे पाहिले. "काय गं, पोरगी उलटी वाढते वाटतं?"

"हो बाई," सगुणा म्हणाली. "टोपलीत घ्या तिला."

ठकी मुकाट्याने बसली. तोंड मागे असल्यामुळे तिला सगळी रांग दिसत होती. भिवा तिच्या गळ्यावरच्या वळाकडे टक लावून बघत होता. त्याच्या आईनेही तो पाहिला. क्षणभर बायजा घुटमळली. मग तिने भिवाला जवळ ओढलं आणि खाली मान घालून त्याचा कान चाटायला सुरुवात केली. तिची जीभ लाल झाली. रांगेत तिच्या मागे आणखी एक आई वाकली, तिच्यामागे आणखी एक.