बाप्तिस्मा आठला की दहाला?

“ते सगळं खरं अण्णा, पण बाप्तिस्मा आठला द्यायचा की दहाला, एवढंच सांगा ना!”

आमच्या चर्चचे नवे पाळक, अनुग्रह भिंगारदिवे, आम्ही त्यांना साहेब म्हणतो, भलत्याच घाईत होते. चहासुद्धा उभ्यानंच प्यायले.

अण्णा वैरागर म्हणजे मंडळीचे जुने पाळक, आता निवृत्त. ते ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मीही सोलत होतो. मला कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून गप्प होतो.

“आठला कोण म्हणतंय?”

“सगुणाबाई. बाळाची आजी. पेटी-तबल्याशिवाय उपासना कसली, म्हणतात.”

“आणि दहाला?”

“बाळाचा बाप. नोएल. तो दहाच्या उपासनेत गिटार वाजवतो. मायलेकांत अबोला आहे. आज सकाळी मला म्हणाला, जमत नसेल तर आम्ही दुसरं चर्च बघतो... एक घर गेलं की मागोमाग चार जातात, अण्णा.”

आता हेही सांगून टाकतो, की रविवारी सकाळी दोन उपासना ही साहेबांचीच कल्पना. आधी ड्रम सुरू झाला की म्हातारी माणसं कानांत बोटं घालायची, आणि भजन सुरू झालं की पोरं मोबाइल काढायची. साहेबांनी आल्या आल्या वाटणीच करून टाकली. म्हातारे आठला, तरुण दहाला. भांडण मिटलं. कमिटीनं हार घातला. तेव्हापासून साहेबांची मान जी ताठ झाली, ती ताठच होती.

“सोपं आहे,” अण्णा म्हणाले. “आठला अर्धं डोकं भिजव. उरलेलं दहाला.”

मला फिस्सकन हसू आलं. साहेब नाही हसले.

“चेष्टा करता गरिबाची?”

“शलमोन राजानं तर दोन बायकांचं भांडण मिटवताना बाळाचे दोन तुकडे करायला तलवार मागवली होती. मी नुसतं पाणी म्हणतोय.”

मग शेंग सोलता सोलता अण्णांनीच विचारलं, “बाप्तिस्म्याला मंडळी उभी राहून काय वचन देते?”

“या बाळाला आम्ही विश्वासात वाढवू.”

“आठवाल्यांनी दिलं, तर ते निभवायला किती दिवस असतील? माझंच बघ. आज आहे, उद्या नाही.”

“म्हणून तर दहाला...”

“त्या दहावाल्यांना वाढवलं कोणी?”

साहेब खाली बसले. चक्क शेंगांच्या टरफलांत, पांढऱ्या पँटीनं.

“मी भांडण मिटवलं, अण्णा. मला वाटलं, मंडळीत शांती आली.”

“कबरस्थानातही कोणी भांडत नाही रे.”

साहेबांचा चेहरा एवढासा झाला होता. मला खरंच वाईट वाटलं.

“मग एक उपासना बंद करू?”

“मी कुठं म्हटलं? नऊला बाप्तिस्मा दे.”

“नऊला? अहो, म्हाताऱ्यांना ताटकळावं लागेल, पोरांना लवकर उठावं लागेल. दोघंही चिडतील!”

“चिडू दे. एकत्र तरी चिडतील.”

रविवारी तसंच झालं. म्हातारी मंडळी तोंडं वाकडी करून बसून राहिली. पोरं डोळे चोळत, न विंचरलेल्या केसांनी आली. सगुणाबाई या टोकाला, नोएल त्या टोकाला. मध्ये सून, बाळ घेऊन. बिचारीचा जीव नुसता टांगणीला.

साहेबांनी वचन विचारलं. सगळे उठले. माझ्या शेजारच्या म्हातारबुवांना काही उठवेना, तर मागच्या एका पोरानं त्यांना बगलेत धरून उभं केलं, आणि वचन संपेपर्यंत धरूनच ठेवलं.

डोक्यावर पाणी पडलं तसा बाळानं असा काही टाहो फोडला की बस्स! सून हलवून थकली, नोएल थकला. शेवटी नोएलनं आईकडे बघितलं.

“आई... घे ना गं.”

सगुणाबाईंनी बाळ घेतलं आणि हळूच जुनं भजन धरलं. नोएलनं गिटार उचललं आणि चाचपडत साथ धरली. सूर दोनदा चुकला. सगुणाबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले आणि मग त्याच्यासाठी लय कमी केली. हळूहळू सगळेच गाऊ लागले. मीही गायलो, आणि मी काही गाणारा नव्हे.

दहा वाजून गेले. साहेब धापा टाकत मागच्या बाकावर अण्णांपाशी आले. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

“अण्णा, आठवाले घरी जात नाहीत, राहिलेले दहावालेही येतच आहेत. बसायला जागा नाही. आता काय करू?”

अण्णा म्हणाले,

“सगळे आत आले की ते दार लोटून घे. वारा येतोय, बाळाचं डोकं ओलं आहे.”