जुन्या धन्याची ग्वाही

"राहा की! कोण नको म्हणतंय? फक्त तुमच्या जुन्या राजाच्या माणसाने माझ्या दरबारात उभं राहून सांगावं, की ही माणसं चांगली आहेत. बस्स!"

एवढं बोलून खारेगडचे राजे उदाजीराव लोडाला टेकले. दरबाराने माना डोलावल्या. दरबाराचं मुख्य काम तेच होतं.

समोर काही यहुदी कुटुंबं उभी होती. धंदा तेल गाळण्याचा. शनिवार त्यांच्या देवाचा. त्या दिवशी ती घाण्याला हात लावत नसत, चूलही पेटवत नसत. दर्यापारच्या त्यांच्या राजाने हुकूम काढला, की शनिवारीही घाणा फिरलाच पाहिजे. त्यांनी ऐकलं नाही. मग राजाने त्यांची प्रार्थनाघरं जाळली, पुरुषांच्या पाठी चाबकाने फोडल्या. शेवटी ही मंडळी मिळेल त्या गलबतात बसून कोकणच्या किनाऱ्याला लागली होती. अशा राजाकडून चांगुलपणाची ग्वाही आणायची, म्हणजे मांजराकडून उंदराची शिफारस आणण्यासारखंच!

"महाराज, त्याच्या हाती लागलो तर तो जिवंत सोडायचा नाही," कुटुंबांचा म्होरक्या पिन्हास हात जोडून म्हणाला.

"ते तुमचं तुम्ही पाहा. साधा गडी ठेवताना आपण जुन्या धन्याला विचारतो. इथे तर अख्खी वाडी ठेवायची आहे! पावसाळाभर बंदरावरच्या वखारीत राहा. दर्या खुला झाला, की ग्वाही तरी आणा, नाहीतर गलबत तरी हाका."

उदाजीराव दुष्ट नव्हते. 'नाही' म्हणणं त्यांच्या अगदी जिवावर येई. म्हणून ते अट अशी घालत, की समोरचाच 'नाही' म्हणून निघून जाई.

पिन्हासची मुलगी शिफ्रा त्या दिवशी गप्पच होती, कारण तिला भाषा येत नव्हती. ती तिने पावसाळ्यात बाजारातल्या कोळणींकडून उचलली. त्यामुळे तिच्या बोलण्यात आर्जव कमी आणि घासाघीस जास्त, एवढाच काय तो दोष राहिला.

दर्या खुला झाला आणि पहिलंच गलबत आलं ते त्या जुन्या राजाच्या वकिलाचं! पळालेली माणसं परत न्यायला तो आला होता. वखारीत रडारड सुरू झाली. दरबारातून बोलावणं आलं, तेव्हा पिन्हासच्या तोंडचं पाणी पळालं.

"अब्बा, ग्वाही द्यायला माणूस आलाय की!" शिफ्रा म्हणाली.

"तुला वेड लागलंय का गं?"

दरबारात वकील इथल्याच भाषेत गरजत होता. "महाराज, ही माणसं चोर आहेत! आळशी आहेत! लबाड आहेत! माझ्या हवाली करा!"

"देऊन टाका, महाराज," कारभारी त्र्यंबकपंत म्हणाले. "नाहीतरी वखार अडवून बसलेत."

शिफ्रा पुढे झाली. जीभ कोळणींच्या तालमीतली होती.

"वकीलसाहेब म्हणतात ते खरं आहे, महाराज! आम्ही चोर."

पिन्हासने कपाळावर हात मारला.

"आणि आळशी?" राजांनी विचारलं.

"फार!"

"लबाड?"

"विचारूच नका! म्हणून एक विनंती आहे. असला नासका माल यांनी भाडं भरून परत कशाला न्यायचा? आम्हाला इथेच खाडीत बुडवा. यांच्या राजाचा त्रास वाचेल, आपली वखार मोकळी होईल."

राजे ताठ बसले. इतका सोयीचा अर्ज त्यांच्याकडे आजवर कुणी केला नव्हता.

"काय वकीलसाहेब? बुडवून देऊ? खर्च आमचा. शेजारधर्म आहे!"

वकिलाचा चेहरा उतरला. "छे छे! जिवंत हवेत!"

"चोर जिवंत कशाला हवेत?"

"शिक्षा... शिक्षा द्यायला!"

"मग बुडवणं म्हणजे काय आंघोळ घालणं झालं?" शिफ्रा म्हणाली. "चला महाराज, आत्ता भरतीच आहे."

"चला तर!" राजे खरोखरच उठले.

"अहो, पण आमचे घाणे!" वकील ओरडला. "ही गेली आणि घाणे बंद पडले! दुसरे तेली बसवले, तर तेलात भेसळ आणि मापात पाप! राजवाड्यातल्या समया नुसत्या धुरकटतात. राणीसाहेब खोकून खोकून हैराण झाल्यात! यांच्या तेलात कधी थेंबाची भेसळ नाही!"

"पण आळशी ना?" शिफ्राने खोचून विचारलं.

"कुठले आळशी! तो एक शनिवार सोडला, तर उजाडल्यापासून राबतात! चाबकाने फोडलं तरी देवाला दिलेला शब्द मोडत नाहीत, ही असली माणसं! बुडवू नका, महाराज! दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाहीत!"

शिफ्राने राजांना नमस्कार केला.

"जुन्या राजाचा माणूस, आपलाच दरबार, आणि तोही उभा राहून बोलला! एवढी ग्वाही पुरे, महाराज, की अजून थोडी काढू?"

राजे मटकन पुन्हा बैठकीवर बसले. मग असे हसले की लोड घरंगळला.

"मी ग्वाही दिली नाही!" वकील किंचाळला. "मी तक्रार केली!"

"तक्रारीत एवढी स्तुती? आमच्या भाटांना पगार देऊनही जमत नाही!"

त्र्यंबकपंत कळवळून म्हणाले, "पण महाराज, शनिवारी हे घाणा बंद ठेवणार! राजवाड्यात अंधार होईल त्याचं काय?"

"हो गं पोरी, त्याचं काय?"

"शुक्रवारी समया भरून ठेवायच्या, महाराज. आमच्या घरी वर्षानुवर्षं तेच करतात. अंधार अजून तरी झालेला नाही."

राजे पुन्हा खो खो हसले. त्यांनी खाडीपलीकडची माडांची वाडी त्या कुटुंबांना इनाम दिली, प्रार्थनाघराला जागा दिली आणि शिफ्राच्या हातात स्वतःचं सोन्याचं कडं घातलं. वकील पाय आपटत निघाला, तेव्हा त्यांनी त्याला दारातून हाक मारली.

"वकीलसाहेब, राणीसाहेबांच्या खोकल्याची काळजी करू नका! तेल लागेल तेवढं आमच्याकडून न्या. फक्त शनिवारी येऊ नका!"