राजाचा फुगा आणि गोरज मुहूर्त

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा आकाशात फक्त पाखरं उडत आणि जमिनीवर राजे मिरवत. असाच एक मिरवणारा राजा होता. त्याच्या लाडक्या लेकीचं लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे गाई घरी परततात त्या वेळी, ठरलं होतं.

राजाचा प्रधान मोठा खटपट्या. शेकोटीवर वाळत घातलेलं धोतर गरम हवेने फुगून वर उठताना त्याने पाहिलं आणि खळ लावलेल्या कापडाचा भलामोठा फुगा शिवून घेतला. खाली टोपली, तिच्यात पेटती शेगडी.

"वऱ्हाड येताना मी आभाळात दिसलो पाहिजे!" राजाने हट्टच धरला. लग्नाच्या दिवशी दुपारी दोघे टोपलीत चढले.

फुगा उठला. वऱ्हाडी माना वर करून बघतच राहिले. राजाला आभाळ ठेंगणं झालं.

पण वरचा वारा त्यांना नगरापासून दूर नेऊ लागला.

"प्रधानजी, वळवा याला!"

"महाराज, याला ना सुकाणू ना लगाम. जाळ वाढवला की आतली हवा तापते, आपण वर जातो. जाळ कमी केला की खाली. एवढंच आपल्या हाती."

"मग वर चला! राजा कधी खाली येतो का?"

प्रधानाने शेगडीत पेंढा टाकला. फुगा चढला आणि वारा आणखीच जोरात पळवू लागला. "अजून वर!" आता तर मांडवही दिसेना. ऊन कललं, तशी राजाची मिशीही कलली.

"लेकीच्या डोक्यावर अक्षता कोण टाकणार हो?" त्याला रडूच कोसळलं.

डोळे पुसताना त्याची नजर खाली गेली. गुरं घराकडे निघाली होती, आणि त्यांच्या खुरांची धूळ सरळ नगराकडे वाहत होती.

"खालचा वारा घरी चाललाय," राजा हळूच म्हणाला. "प्रधानजी, जाळ कमी करा."

फुगा इतका उतरला, की टोपली गाईंच्या शिंगांना लागायचीच बाकी राहिली. गुराखी खो खो हसले. चिंचेच्या शेंड्याने राजाचा फेटा पळवला. राजा मात्र धुळीची दिशाच बघत राहिला.

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं, तेवढ्यात मांडवाशेजारी टोपली धप्पकन आदळली. काजळीने माखलेला बोडका राजा धावत आला आणि त्याने लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. व्याह्यांना हसू आवरेना.

"बाबा, दुपारी तुम्ही सगळ्यांना दिसलात," लेक म्हणाली, "मला मात्र आत्ता दिसलात."

वारा कुणाच्या हुकमाने वळत नाही. घरी पोचायचं असेल, तर आपणच थोडं खाली उतरावं.