शेवटच्या अक्षरापासून लिहिलेलं पान

फार पूर्वी, एक पोथी लिहून व्हायला दोन-दोन वर्षं लागायची त्या काळात, नदीकाठच्या एका नगरात एक अक्षरकार राहत होते. त्यांचं नाव नरहरपंत. त्यांचं अक्षर पाहायला माणसं वाट वाकडी करून यायची आणि पाहून झालं की बराच वेळ गप्प उभी राहायची. पंतांना हे गप्प उभं राहणं फार आवडायचं. कोणी लगेच तोंड उघडून कौतुक केलं तर त्यांना वाटायचं, याला काही कळलेलं नाही.

त्या नगराच्या देवळात एकशे आठ ओव्यांची एक जुनी पोथी होती. पोथी म्हणजे सुटी पानं, वर एक लाकडी फळी आणि खाली एक. तिथला रिवाज असा होता की ज्याच्या मनावर ओझं असेल त्यानं सकाळी देवळात यावं, डोळे मिटून पोथीतलं एक पान ओढावं, आणि पुराणिकबुवांनी ते मोठ्यानं वाचावं. काय करायचं ते मग ज्याचं त्यानं ठरवायचं. एकदा ओढलेलं पान बदलून मिळत नसे.

पण त्या पोथीला कसर लागली. किड्यांनी अशी काही मेजवानी झोडली की पानांची चाळण झाली. वाचायलाच काही उरलं नाही, म्हणून पान ओढणं बंद पडलं. त्याला वीस वर्षं झाली. ओव्या पाठ असलेले म्हातारे एकेक करून गेले.

मग नगराच्या राणीनं मनावर घेतलं. तिनं दूरच्या एका मठातून त्या पोथीची प्रत मागवली, एकेक ओवी एकेका चिठ्ठीवर उतरवून घेतली आणि प्रत मठाला परत पाठवली. त्या एकशे आठ चिठ्ठ्या एकशे आठ अक्षरकारांना वाटल्या. प्रत्येकानं आपली ओवी एका पानावर लिहायची आणि त्याच पानावर ती चित्रातही उतरवायची. काम संपलं की चिठ्ठी पायदळी येऊ नये म्हणून नदीत सोडायची. जे पान सगळ्यांत सुंदर ठरेल, त्या अक्षरकाराचं नाव पोथीच्या वरच्या फळीवर कोरलं जाईल, असं राणीनं जाहीर केलं.

नरहरपंतांचं वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेलं. डोळे अधूनमधून पाणी गाळायचे. हे आपलं शेवटचं मोठं काम, हे त्यांनी ओळखलं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोथ्या लिहिल्या, आणि पोथीवर लिहिणाऱ्याचं नाव कोण विचारतं? ते फळीवरचं नाव त्यांना हवं होतं. रात्रंदिवस तेवढंच हवं होतं.

आता पंतांची लिहिण्याची एक रीत होती, ती सांगायला हवी. त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं, "नरहरी, अर्थ हा लबाड सोबती. तो डोळ्यांच्या पुढे पळतो आणि मग हात चुकतो. म्हणून ओळ शेवटाकडून लिहावी. शेवटचं अक्षर आधी, पहिलं अक्षर शेवटी. अर्थाला जवळ फिरकूच देऊ नये." पंतांनी चाळीस वर्षं ही रीत पाळली. त्यामुळे त्यांच्या हातून कधी काना चुकला नाही, मात्रा गळली नाही. शेकडो पोथ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि त्यांतल्या एकीतही काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

ओवीची चिठ्ठी आली तेव्हा त्यांच्या बायकोनं ताक घुसळता घुसळता विचारलं, "काय म्हटलंय हो ओवीत?"

"मी काय पुराणिक आहे?" पंत म्हणाले. "अक्षरं चांगली आहेत. ओकार आहे, उकार आहेत. काम दाखवायला जागा आहे."

"अहो, पण काय म्हटलंय ते कळल्याशिवाय चित्र कसलं काढणार?"

"जे काढायला सगळ्यांत अवघड, ते."

ती ताक घुसळत राहिली.

पंतांनी सहा महिने त्या एका पानावर घालवले. त्यांनी एक बाग रेखाटली आणि प्रत्येक अक्षर त्या बागेत विरघळवलं. कुठे मात्रा वेल होऊन वर चढली, कुठे उकारानं मोराची मान धरली, कुठे ‘ह’ पाण्यातला मासा झाला. काजळीची शाई, हिंगुळाचा लाल, पानांच्या कडांना सोन्याची रेघ. काम संपलं त्या दिवशी पंतांनी चिठ्ठी नदीत सोडली, घरी येऊन पान उन्हात धरलं, आणि त्यांनाच भरून आलं. ते खोटं भरून येणं नव्हतं. पान होतंच तसं.

ठरल्या दिवशी सकाळी देवळात एकशे आठ पानं मांडली. राणी एकेका पानासमोर थांबत पुढे आली. कोणी नांगर काढला होता, कोणी पाळणा, कोणी दिवा. पंतांच्या पानापाशी आली आणि तिथेच उभी राहिली. तिच्या मागचे लोक थांबले, त्यांच्या मागचेही थांबले. सगळं देऊळ चिडीचूप झालं. एका म्हाताऱ्या अक्षरकारानं आपलं पागोटं उतरवून हातात घेतलं, कारण असं काम पाहण्याचा योग माणसाला जन्मात एकदाच येतो हे त्याला कळत होतं.

"फळीवर नाव कोणाचं, हे विचारायला नको," राणी हळूच म्हणाली. सुताराला निरोप गेला.

पानं गोळा करून दोन फळ्यांमध्ये ठेवली. आता नव्या पोथीतलं पहिलं पान ओढायचं होतं. गर्दीतून एक कासारीण पुढे आली. नाव भागू. बांगड्यांच्या भट्टीनं तिचे हात कोपरापर्यंत भाजून भाजून काळे पडले होते.

"काय ओझं आहे, बाई?" पुराणिकबुवांनी विचारलं.

"थोरली भन हाय माझी, नदीपल्याड," भागू म्हणाली. "बारा वर्सं अबोला हाय आमचा. बापाच्या भट्टीवरनं भांडलो. आता ती लई आजारी हाय म्हनं. तिनं काय मला बोलावलं न्हाई. न बोलावता जावं का न्हाई, तेवढं मला सांगा. दुपारची नाव चुकली तर मग चार दिस नाव न्हाई. तवर ती ऱ्हाती का जाती, कुनाला ठावं."

तिनं डोळे मिटले, हात पुढे केला आणि एक पान ओढलं. ते पंतांचंच निघालं. लोकांमधून सुस्कारा उठला. पहिलंच पान, आणि तेही हे.

पुराणिकबुवांनी पान हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग थोडं तिरकं केलं. "बाई," ते म्हणाले, "मोर दिसतो. मासा दिसतो. ओवी कुठे सुरू होते तेच मला दिसत नाही."

राणीनं पाहिलं, प्रधानानं पाहिलं, सात-आठ अक्षरकारांनी पाहिलं. बागेतून एकालाही वाट सापडेना.

"दुसरं पान ओढू दे तिला," प्रधान म्हणाला.

"नगं," भागू म्हणाली. "हे माझं पान हाय. देवानं मला हे दिलंय. यात काय हाय ते सांगा."

मग सगळ्यांच्या नजरा नरहरपंतांकडे वळल्या. राणी हसून म्हणाली, "पंत, ज्यानं लिहिली त्यालाच विचारायला हवं. तुम्हीच सांगा ओवी."

पंतांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना ओवी माहीत नाही. सहा महिने ते त्या अक्षरांच्या अंगाखांद्यावर होते, पण अक्षरं काय म्हणतात ते त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. चार गोड शब्द जुळवून म्हटले असते तर कोणाला कळणार होतं? चिठ्ठी नदीत गेली होती, प्रत मठात. सुतार तिकडे नाव कोरायच्या हत्यारांना धार लावत होता. पंतांच्या जिभेवर एक ओळ तयारही झाली होती, देव दयाळू आहे अशा अर्थाची. ती म्हणायची म्हणून त्यांनी भागूकडे पाहिलं. ती भाजलेले हात एकमेकांत घट्ट धरून, पापणी न हलवता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ती त्यांच्या शब्दावर जाणार होती किंवा राहणार होती. पंतांना भीती वाटली. एवढी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी ती वाचलेलीच नाही. नुसती लिहिली."

देवळात कुजबुज उठली. कोणीतरी हसलंही. पंतांची मान खाली गेली, पण ते पुढे बोलले, "अक्षरं मात्र मला एकेक ठाऊक आहेत. शेवटाकडून. बुवा, धूळपाटी आणा. मी सांगतो तसं उजवीकडून डावीकडे लिहीत चला."

पुराणिकबुवांनी चौरंगावर धूळपाटी ठेवली. पंत पानावर वाकले. त्यांचं बोट एका कळीवर टेकलं. "प," ते म्हणाले. मग फांदीवरून खाली आले. "आ." मग पाण्याच्या लाटेत शिरले. "पें." पुन्हा "आ."

बुवा लिहीत गेले. ओवी उलटी वाढत होती, म्हणून कोणालाच काही उमगत नव्हतं. लोक पुढे सरकत सरकत चौरंगाला भिडले. आपल्याच बागेत पंत चाचपडत होते, कुठे अडत होते, डोळे पुसून पुन्हा शोधत होते. ज्या वेलीचा त्यांना एवढा अभिमान वाटायचा, तीच आता पायात येत होती. ऊन देवळाच्या दुसऱ्या पायरीवर आलं. भागूनं एकदा उन्हाकडे पाहिलं, पण ती हलली नाही. शेवटी मोराच्या मानेवर बोट ठेवून पंत म्हणाले, "रु."

"झाली," बुवा म्हणाले. "वाचा, पंत. तुम्हीच वाचा."

आणि नरहरपंतांनी आयुष्यात पहिल्यांदा आपण लिहिलेली ओळ पहिल्या अक्षरापासून वाचली:

"रुसल्या दारी जो आधी जाये, हाक न येता ओ देत राहे, तयाचे पाउली वाट मी होये, आपेंआप."

घंटेखाली उभी असलेली बाई घंटा वाजवायची विसरली. जो रुसलेल्याच्या दारी आपण होऊन जातो, कोणी हाक मारायच्या आधीच ओ देतो, त्याच्या पावलांखाली देव स्वतः वाट होऊन पसरतो. धुळीत बोटानं उमटवलेली ती चार चरणांची अक्षरं, फुंकर मारली तर उडून जातील अशी, आणि त्यांच्यासमोर राणीसुद्धा हात जोडून उभी होती. एवढं मोठं काहीतरी सहा महिने माझ्या नाकासमोर होतं, पंतांना वाटलं, आणि मी त्याला मोर चिकटवत बसलो.

भागूनं धुळीला हात लावून तो कपाळाला लावला. प्रसादाला ती थांबली नाही. पदर खोचून नदीकडे पळत सुटली. ती नावेत वेळेवर पोचली. पुढचं काय ते त्या दोघी बहिणींचं.

देवळात सगळे भानावर आल्यावर राणी म्हणाली, "पंत, तुमचं पान तरीही सगळ्यांत सुंदर आहे. नाव तुमचंच कोरलं जाईल."

"नको, बाईसाहेब," पंत म्हणाले. "ते पान वाड्यात लावा, बघायला बरं आहे. पोथीसाठी मला दुसरं लिहू द्या. आणि फळी कोरीच असू द्या. आज ती बाई चार दिवस मागे पडली असती, ते माझ्यामुळे."

राणीनं सुताराला परत पाठवलं.

पंतांनी दुसरं पान पहिल्या अक्षरापासून लिहिलं, एकेक शब्द तोंडानं म्हणत. गुरूंनी सांगितलं होतं तसंच झालं. अर्थ पुढे पळाला, हात मागे राहिला आणि एक शब्द गळला. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून पंतांनी तो शब्द नीट बसवला. चाळीस वर्षांत त्यांनी हरताळीची डबी पहिल्यांदा उघडली होती. चित्र म्हणून त्यांनी एक उंबरा काढला आणि त्याच्याकडे जाणारी दोन पावलं. बायकोनं ते पान हातात घेतलं आणि अडखळत, पण स्वतःच वाचलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं लोटली. वाड्यातलं ते बागेचं पान अजून काल केल्यासारखं कोरं करकरीत आहे. देवळातलं पान मात्र लोकांच्या हातांनी मळलं, कडांना झिजलं, कोपऱ्यांना फाटलं. त्याची आजवर सात वेळा नक्कल करावी लागली.

तात्पर्य: शब्द सजवणारा हात मोठा खरा, पण जो शब्द आपण स्वतः ऐकला नाही, तो आपल्याला दुसऱ्यापर्यंत पोचवता येत नाही.