वेजीमाची वेसण

फार वर्षांपूर्वी तापीच्या काठी बाभळींपेक्षा उंट जास्त होते, असं म्हणतात. तिथे उंट पाळणाऱ्या रबाऱ्यांचा डेरा होता आणि त्या डेऱ्यात वेजीमा नावाची म्हातारी विधवा होती. डेऱ्याच्या मुखीचा, म्हणजे म्होरक्याचा, सोनेरी उंट एवढा देखणा, की मुखीने हुकूमच काढला: सगळ्या सांडण्यांना, म्हणजे उंटिणींना, नर हाच, नाहीतर त्याचाच वंशज. वर्षं गेली आणि पिल्लं वाकड्या पायांनी जन्मू लागली. वेजीमाच्या लाखी नावाच्या सांडणीची पिल्लं तर कधी उभीच राहिली नाहीत.

मुखी म्हणाला, "नजर लागलीय कुणाची तरी."

"नजर कसली, बापा," वेजीमा म्हणाली. "लेकीला स्थळ बघताना चार गावं पलीकडचं कूळ शोधतोस. सांडणीला मात्र तिचाच भाऊ?"

"मग नदीपल्याडच्या वैरी डेऱ्याचा तो काळा उंट, ते भूत आणू? ओठ फाटका, मदार वाकडी."

"तुझं थोबाड बघून कुठे दिली होती रे तुला बायको?"

बाया पदराआड हसल्या. मुखी चिडला. "नदी ओलांडलीस तर तुला डेरा बंद."

लाखीचं आणखी एक पिल्लू मातीत लोळताना बघणं वेजीमाला सोसणार नव्हतं. सकाळी सगळ्यांदेखत तिने सोनेरी नराचीच वेसण धरली आणि ती नदीच्या पुरात शिरली. पाणी तिच्या कमरेवर चढलंच नाही, असं म्हणतात. पल्याड वैरी काठ्या घेऊन उभे होते. त्यांच्यामागे त्यांची पिल्लं होती, सगळी काळी आणि सगळी लुळी. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे आली. वेजीमाने सोनेरी नराची वेसण तिच्या हाती दिली. त्या म्हातारीने काळ्या नराची आणून दिली.

डेऱ्याने वेजीमाला आत घेतलं नाही. ती काळ्याला घेऊन बाहेर बाभळीखाली राहिली. तेव्हा लाखीने दावं तोडलं आणि तिच्यामागे सगळ्या सांडण्या बाभळीखाली येऊन बसल्या. मुखी ओरडत राहिला.

पुढच्या वर्षी लाखी व्यायली. पिल्लू अंग झटकून उठलं आणि नदीपर्यंत धावत गेलं, असं म्हणतात. मुखी पागोटं हातात घेऊन बोलवायला आला.

"येते," वेजीमा म्हणाली. "पण नर कुठला, हे आता बाया ठरवतील."

आजही दर हिवाळ्यात दोन्ही डेरे तापीकाठी जमतात आणि नरांची अदलाबदल करतात. वेसण विधवेनेच धरायची. मुखीचं नाव विचारलंत तर माणसं एकमेकांकडे बघतात, कुणालाच ते आठवत नाही. उंट देखणा आहे का, हेही कुणी विचारत नाही. वेसण हाती आली की ती विधवा नदीकडे तोंड करून हाक देते, "वेजीमा, पल्याडचा आला गं."